ज्याची सुपारी त्याचें गाणें

चैत्र लागला कीं जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवीं तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गांवोगांवचे कारभारी तेथें येतात, यात्रेची तिथि सांगतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. हा बाजार वर्षानुवर्षें चालत आला आहे व त्यांत वावगें असें कांहीं नाहीं. बैल घ्यावयाचा तर बाजारांत जावें लागतें, तसा तमाशा ठरवावयाचा तर नारायणगांवास जावें लागतें. परंतु बैल घेतांना आमचा शेतकरी त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो. तमाशा ठरवितांना मात्र दोनच गोष्टी विचारतो : बाया किती आणि बिदागी किती ? वग कोणता, त्यांत सांगितलें आहे काय, हें विचारणारा कारभारी विरळा.

आमचें आजचें म्हणणें एवढेंच आहे कीं, ही हेळसांड साधी नाहीं. आपल्या वर्गणीनें आपण काय ऐकावें हें ज्या गांवास ठरवितां येत नाहीं, त्या गांवास दुसऱ्याच्या पैशानें आपणांस काय ऐकविलें जात आहे हेंही समजत नाहीं. मग मतदानाच्या दिवशीं तें गांव कोणाच्या तालावर नाचेल हें सांगावयास ज्योतिषी नको.

यावर कांहीं शहाणे म्हणतील, “संपादक महाशय, गाणेंबजावणें ही घटकाभरची करमणूक. राजकारण तें वेगळें. दोन्हींची गांठ कशास मारतां ?” आम्ही उलट विचारतों कीं, शेतकऱ्याचें मन घडतें तें कोठें ? पुढाऱ्यांच्या सभेंत ? ती सभा पांच वर्षांतून एकदां. तें मन घडतें जात्यावरच्या ओवींत, भारुडांत, कीर्तनांत, पोवाड्यांत, तमाशाच्या बतावणींत आणि आतां सिनेमांत. कोणास पाहून उठून उभें राहावें आणि कोणास पाहून हसावें, हें मनुष्य कायद्याच्या पुस्तकांतून शिकत नाहीं; गाण्यांतून आणि सोंगांतून शिकतो. आणि सत्ता म्हणजे तरी दुसरें काय आहे ? ज्यास पाहून हजार माणसें विचार न करतां उठून उभीं राहतात, त्याच्या हातीं सत्ता असते. ज्या दिवशीं तीं हंसूं लागतात, त्या दिवसापासून ती सत्ता ढिली पडूं लागते.

हें आम्ही पदरचें सांगत नाहीं. राज्यकर्त्यांना हें आमच्याआधीं कळलें होतें. बंगाल्यांत नीळ पिकविणारे गोरे मळेवाले रयतेच्या गळ्यांत बळेंच उचल बांधीत आणि भाताच्या जमिनींत नीळ लावावयास भाग पाडीत. १८५९-६० सालीं रयत उठली. १८६० सालीं टपाल खात्यांतील नोकर दीनबंधु मित्र यांनीं ‘नीलदर्पण’ हें नाटक लिहून त्या रयतेचे हाल जगापुढें मांडले. त्याचें इंग्रजी भाषांतर छापलें म्हणून जेम्स लाँग नांवाच्या पाद्र्यावर १८६१ सालीं खटला झाला. एक महिन्याची कैद आणि एक हजार रुपये दंड झाला. पाद्री गोरा, धर्म राजाचा, तरीही सुटला नाहीं ! पुढें कलकत्त्याच्या रंगभूमीवर असलीं नाटकें होऊं लागलीं तेव्हां सरकारनें १८७६ सालीं नाटकांस बंदी घालण्याचा कायदाच केला. तोफा, पलटणी, तारायंत्रें ज्यांच्या हातीं होतीं त्यांना रंगविलेल्या तोंडांची भीति वाटली. ती भीति खोटी नव्हती. नाटक पाहणाऱ्या माणसास आपलें दुःख पहिल्यानें समोर उभें दिसतें आणि तें नशिबाचें नसून कोणीतरी केलेलें आहे हें त्यास कळतें. अशा कळलेल्या माणसावर राज्य करणें जड जातें.

महाराष्ट्रांत हें वर्म ओळखणाऱ्यांत जोतीराव फुले अग्रेसर होते. मुलींची शाळा काढून सात वर्षें होतात न होतात तोंच १८५५ सालीं त्यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहिलें. एक जोशी एका कुणब्याच्या गरोदर बायकोस ग्रहांची भीति घालून त्या घरास कसा नागवितो आणि शेवटीं तें जोडपें रात्रीच्या शाळेंत जाण्याचें कसें ठरवितें, एवढीच ती गोष्ट. दक्षिणा प्राइज कमिटीपुढें नाटक गेलें, कमिटीनें तें नाकारलें, आणि पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ तें छापलें गेलें नाहीं. कुणब्याची बायको नाटकाची नायिका होते आणि अखेरीस पाटी हातीं घ्यावयास निघते, हें ज्यांना पाहवलें नाहीं त्यांस नाटक समजलें नव्हतें असें नव्हे; तें फार चांगलें समजलें होतें. १८६९ सालीं जोतीरावांनीं शिवाजीराजांचा पोवाडा रचला आणि राजांस शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभें केलें. शिवाजी कोणाचा, हा तंटा आज दीडशें वर्षें चालला आहे. तो कायदेमंडळांत जेवढा लढला गेला, त्याच्या किती पटीनें पोवाड्यांत, नाटकांत, चित्रांत आणि सिनेमांत लढला गेला हें वाचकांस ठाऊकच आहे.

२४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७७ सालीं कृष्णराव भालेकरांनीं ‘दीनबंधु’ पत्र काढलें. पण पत्र वाचणार कोण ? ज्यांच्याकरितां काढलें त्यांना अक्षर येत नव्हतें आणि ज्यांना अक्षर येत होतें त्यांना तें नको होतें. ही अडचण पत्राच्या मालकांनीं सोडविली नाहीं, ती ढोलकीवाल्यांनीं सोडविली. सत्यशोधक जलसा निघाला तो या गरजेंतून. जुन्नर तालुक्यांतील ओतूरचे भीमराव महामुनी हे या जलसाकारांच्या पहिल्या फळींतले. नारायणगांवाहून ओतूर किती दूर आहे ? ज्या तालुक्यांत आज सुपाऱ्या फुटतात, त्याच तालुक्यानें एके काळीं महाराष्ट्रास जलसा दिला, हें सुपारी देणाऱ्या किती जणांस ठाऊक आहे ?

जलसाकारांनीं नवें कांहीं यंत्र आणलें नाहीं. तमाशाचाच सांगाडा घेतला. ढोलकी तीच, तुणतुणें तेंच, झांज तीच. गण होता, पण त्यांत सर्वांच्या निर्मिकाचें स्तवन आलें. गौळण होती, पण तींतील चावटपणा गेला. बतावणींत आणि वगांत राजाराणीच्या जागीं आपल्याच गांवचीं माणसें आलीं : दसपट व्याज लिहिणारा सावकार, दप्तर बगलेंत मारून फिरणारा कुळकर्णी, पत्रिका पाहणारा भटजी. आणि हें विशेष ध्यानांत धरण्याजोगें आहे कीं, जलशानें केवळ परक्यांचीं सोंगें काढलीं नाहींत. दारूंत शेत घालविणारा पाटील, कर्ज काढून लग्नांत तोफा उडविणारा शेतकरी, पोरास शाळेंतून काढून गुरांमागें लावणारा बाप, हीं सोंगेंही त्याच फडावर उभीं राहिलीं. समोर बसलेल्यास स्वतःचेंच तोंड दिसे, तो आधीं हसे, मग खालीं पाही.

याचें मर्म काय तें सांगतों. कुळकर्ण्याचें दप्तर म्हणजे ब्रह्मलिखित, त्यांत लिहिलें तें फिरावयाचें नाहीं, अशी खेड्यांतील समजूत होती. सोंगाड्या फाटकें गोणपाट दप्तर म्हणून बगलेंत मारून येई, उलटें धरून वाची, एकाचे अकरा करी आणि विचारी, “काय रे, बरोबर ना ?” चावडीपुढचीं सगळीं माणसें खदखदून हसत. दुसऱ्या दिवशीं खऱ्या कुळकर्ण्यानें दप्तर उघडलें कीं त्याच माणसांस रात्रीचें गोणपाट आठवे. भीति अशी हंसण्यानें सुटते. व्याख्यानानें ती सुटत नाहीं, कारण व्याख्यान देणारा उंचावर आणि ऐकणारा खालीं असतो. जलशांत नाचणारा आपल्याच भावकीचा असतो आणि सवालजवाबांत प्रश्न विचारण्याची रीतच असते.

फळ काय झालें ? ओतूरच्या सत्यशोधकांनीं भटजीविना लग्नें लावलीं आणि तीं प्रकरणें कोर्टापर्यंत गेलीं. सातारा जिल्ह्यांत १९२० च्या सुमारास जलशांनीं गांवेंच्या गांवें हलविलीं. खंडाविषयीं, सावकारीविषयीं, गांवकीच्या मानपानाविषयीं कुळें तोंड उघडूं लागलीं. १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले येथें भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली ती याच हवेंत. नाना पाटील याच मातींत वाढले, आणि १९४३ ते १९४६ या काळांत साताऱ्याच्या प्रतिसरकारनें गांवोगांव न्यायमंडळें बसविलीं, थोड्या खर्चांत लग्नें लावलीं, त्या कामीं पोवाडे गाणारे शाहीर भाषण करणाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून हिंडत होते. डफ वाजविला कीं क्रांति झाली असें आम्ही म्हणत नाहीं. खंड कमी होतो तो कुळांच्या एकजुटीनें, शाळा चालते ती मूठमूठ धान्यानें. पण एकजूट होण्याआधीं “हें असेंच चालावयाचें” ही मनांतली गांठ सुटावी लागते. ती गांठ सोडण्याचें काम डफाचें.

कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींस हें पुरतें कळलें होतें. कुस्तीसाठीं खासबाग मैदान आणि नाटकासाठीं पॅलेस थिएटर हीं त्यांनीं शेजारींशेजारीं उभीं केलीं. एकीकडे शेतकऱ्याच्या पोराचें अंग घडावें, दुसरीकडे मन घडावें. त्याच करवीरांत सुताराच्या घरांतील बाबूराव पेंटरांनीं स्वतःच्या हातांनीं कॅमेरा तयार केला आणि १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ हा चित्रपट काढला. सावकारानें जमीन गिळलेला शेतकरी शहराच्या गिरणीची वाट धरतो, ही त्यांतली कथा, व्ही. शांताराम त्यांत शेतकरी झाले होते. देवादिकांच्या चित्रपटांचा तो काळ, त्या काळीं रंधा मारणाऱ्या हातानें कुणब्याचें दुःख पडद्यावर आणलें. पॅलेस थिएटरास पुढें केशवराव भोसले यांचें नांव दिलें गेलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, तें नाट्यगृह आगींत जळालें. कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. एका इमारतीसाठीं माणसें रडतात तेव्हां ती इमारत दगडविटांची नसते, हें तरी त्या रात्रीं दिसलें.

आतां थोडें आपल्या घरांत पाहूं. दुसऱ्याचें उणें काढण्यांत आमची लेखणी तिखट आहे, मग स्वतःच्या उण्यावर ती बोथट कां व्हावी ? तमाशाचा फड कोणी जगविला ? महार, मांग, कोल्हाटी यांनीं. त्यांच्या ढोलकीवर रात्रभर माना डोलावणाऱ्या आमच्या पाटील-देशमुखांनीं सकाळीं त्यांच्याच ओंजळींत वरून पाणी ओतलें. ज्या जलशानें भटजीचा विटाळ फडावर उभा करून हसविलें, त्याच गांवांत मांगाचा विटाळ तसाच राहिला. म्हणूनच भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांस आपला आंबेडकरी जलसा वेगळा काढावा लागला, आणि त्यांनीं आपल्या समाजास जें बळ दिलें तें आमच्या जलशानें द्यावयास हवें होतें. तो वेगळा निघाला हें त्यांचें कर्तृत्व, आणि तो वेगळा काढावा लागला हा आमच्या चळवळीवरील ठपका आहे. ठपका कबूल केल्यावांचून पुढचें बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

तीच गोष्ट बायांची. विठाबाई नारायणगांवकर यांच्या कलेचा गौरव राष्ट्रपतींच्या हस्तें झाला. आज सरकार त्यांच्या नांवानें पुरस्कार देतें. पण २००२ सालीं ती बाई गेली ती हलाखींत गेली. फडावर उभी असतां नोटा उधळणारे हजार, पडल्यावर पाणी पाजणारा एक नाहीं. आपण कलेवर प्रेम करतों म्हणतों तेव्हां हा हिशेब आठवावा.

वाटेगांवच्या मांगाच्या घरांत जन्मलेले, शाळा जवळजवळ न पाहिलेले अण्णा भाऊ साठे यांनीं १९४४ सालीं अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढलें. स्वातंत्र्य आल्यावर आपल्याच लोकांच्या सरकारनें तमाशावर बंदी घातली. अण्णा भाऊंनीं काय केलें ? तमाशास लोकनाट्य म्हटलें आणि ढोलकी पुन्हा वाजूं लागली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत या शाहिरांनीं गिरणगांवापासून माळरानापर्यंत जें रान उठविलें, त्याचा प्रत्यय १९५७ च्या निवडणुकींत पश्चिम महाराष्ट्रानें सत्ताधाऱ्यांस दिला आणि १ मे १९६० रोजीं राज्य झालें. गोरें सरकार भ्यालें होतें त्याच गोष्टीस काळें सरकारही भ्यालें, हें यांतून घ्यावयाचें. राज्यकर्त्याचा रंग बदलला म्हणून त्याची भीति बदलत नाहीं.

मग आज काय झालें आहे ? आज कोणास बंदी घालावी लागत नाहीं. बंदीपेक्षां सुपारी स्वस्त पडते ! यात्रेच्या मांडवावर देवापेक्षां पुढाऱ्याचा फोटो मोठा असतो. पुढाऱ्याचा वाढदिवस आला कीं नाचाचा कार्यक्रम फुकट. निवडणूक आली कीं सिनेमाच्या चालीवर उमेदवाराचें गाणें, आणि तें गाणारा कालचा शाहीरच. त्यानें तरी काय करावें ? पोट त्यासही आहे. पण ज्याच्या फलकाखालीं तो उभा आहे त्याचें सोंग तो काढील कसा ? पूर्वीं पाटील पुढच्या रांगेंत बसे आणि सोंगाड्या त्याच्या तोंडावर त्याची फजिती करी. पाटलास हसावें लागे, कारण सुपारी गांवाच्या वर्गणीची असे. आज सुपारी एकाची झाली आणि सोंगाड्याची जीभ त्याच्या खिशांत गेली. कांद्याचा भाव पडतो, त्यावर वग नाहीं. उसाचें बिल थकतें, त्यावर बतावणी नाहीं. जमीन मोडून लग्नें होतात, त्यावर गौळण नाहीं. मोठमोठे कर्णे छाती दणाणून सोडतात. शेजाऱ्याशीं बोलावयाचें म्हटलें तरी ऐकूं येत नाहीं. आणि ज्यास शेजाऱ्याशीं बोलतां येत नाहीं त्याची शेजाऱ्याशीं एकजूट कशी व्हावी ? त्या कर्ण्यांपायीं हलगीवाला, सनईवाला, ढोलकी मढविणारा हेही घरीं बसले, तें नुकसान वेगळेंच.

कोणी म्हणेल, तरुणांस हेंच आवडतें, म्हाताऱ्यांनीं कुरकुर कां करावी ? आम्ही तरुणांच्या आवडीवर रुसलों नाहीं. जलशानेंही लोकांस आवडणारा तमाशाच उचलला होता आणि त्यांत आपला मजकूर घातला होता. आज तरुणाच्या खिशांतला फोन हाही एक फडच आहे. त्यावर वगही करतां येतो, पोवाडाही म्हणतां येतो. प्रश्न वाद्याचा नाहीं, प्रश्न सुपारीचा आहे.

तेव्हां आमच्या वाचकांस आमची रोकडी सूचना आहे. यंदा यात्रेची बैठक भरेल तेव्हां चार गोष्टी बोलून घ्या. पहिली, तमाशाची बिदागी वर्गणींतूनच द्यावयाची. एकाच धनवंताचा किंवा उमेदवाराचा पैसा फडास लावावयाचा नाहीं, मग तो आपल्या जातीचा असो वा आपल्या पक्षाचा. बिदागी थोडी कमी पडली तर वाजप कमी करा, पण मालक एक करूं नका. दुसरी, सुपारी देतांना वग विचारा, आणि पुरा वग करण्याची अट घाला. दोन गाणीं झालीं कीं शिट्ट्या मारून वग बंद पाडणाऱ्या आपल्याच पोरांस आवरा. तिसरी, फडाच्या माणसांची, विशेषतः बायांची, राहण्याजेवण्याची सोय गांवानें पाहुण्यासारखी करावी आणि ठरलेली रक्कम सकाळीं मोजून द्यावी. चौथी, गांवांतील दहापांच पोरापोरींनीं मिळून, जात न पाहतां, एक तरी बतावणी स्वतः बसवावी. विषय शोधावयास लांब जाणें नको. सोसायटीची चावडी, बाजारसमितीचा काटा आणि लग्नाचा मांडव हे तीन विषय कोणत्याही गांवांत तयार आहेत. पहिल्या वर्षीं फजिती होईल. होऊं द्या. फजितीवरच बतावणी उभी राहते.

आणि एक शेवटचें. त्या बतावणींत परक्याचें सोंग काढाल तेव्हां एक सोंग स्वतःचेंही काढा. ज्या फडावर फक्त दुसऱ्यावर हसतात तो फड लवकरच कोणाच्या तरी पदरीं बांधला जातो. जो स्वतःवर हसूं शकतो त्यास विकत घेणें अवघड असतें. जुन्या जलसाकारांजवळ पैसा नव्हता, छापखाना नव्हता, सरकार नव्हतें. एवढी एक गोष्ट होती, आणि तेवढ्यावर त्यांनीं गांवेंच्या गांवें जागीं केलीं. ती गोष्ट अजून कोणी विकत घेतलेली नाहीं. चैत्राची बैठक भरेल तेव्हां ती आपल्या हातीं आहे, हें विसरूं नका.